सावनीचे दुधाचे दात

लवू शिवलकर आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायला आला त्याच दिवशी त्याने माझ्या दारात सोलकढीचं पातेलं आणून ठेवलं आणि विचारलं, "बाई, मीठ बरोबर हाय ना?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेली मास्तरीण. विचारलंत तर खरं उत्तर मिळेल. वाटीत घेऊन चाखली आणि मीठ किंचित जास्त आहे, असं मी सांगून टाकलं. त्याने माझ्या हातातली वाटी काढून घेतली, त्यातलाच एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि बरोबर आहे असा निकाल देऊन वाटी मला परत केली. उष्टी वाटी हातात धरून मी दारात उभीच राहिले. या माणसाशी आपलं रोज वाजणार आणि तरीही पटणार, हे मला तेव्हाच कळलं.

तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरे करते. मूळचा मालगुंडचा. विशीत बोटीवर चढला तो केस पिकल्यावरच कायमचा खाली उतरला. बोटीवर तो स्वयंपाकी होता. खवळलेल्या समुद्रात एका हाताने भांडं धरून दुसऱ्या हाताने भात उतरवलेला माणूस. चव घेतल्याशिवाय काहीही पुढे जाऊ द्यायचं नाही हा त्याचा एकच नियम, आणि तो त्याने घरीही पाळला. आमटी असो, चहा असो, आजाऱ्याची पेज असो, आधी लवूच्या तोंडात आणि मग दुसऱ्याच्या. साळवी स्टॉपच्या या नव्या जागेत त्याची बायको मैना जेमतेम दोन पावसाळे जगली. शेवटच्या दुखण्यात तिला औषध पाजतानासुद्धा हा आधी चमचा चाटून बघायचा. अरे, औषधाला कसली चव, असं मी ओरडले, तर म्हणाला, कडू किती आहे ते मला आधी कळायला नको का.

या माणसाला एकच दुखणं होतं. ते त्याने मला एका दुपारी, मागच्या गॅलरीत बांगडे साफ करता करता सांगितलं. वर्षातले नऊ-दहा महिने तो पाण्यावर. मुलगी झाली, मृणाली, तेव्हा तो कुठल्या तरी परक्या बंदरात होता. पहिल्यांदा घरी आला तेव्हा ती चांगली बसायला लागली होती, आणि दाढीवाल्या या बाप्याला बघून तिने असा आकांत मांडला की मैनेने त्याला पडवीत जेवायला वाढलं. बोटीवरच्या सगळ्यांच्या घरी हे असंच चालतं, तो म्हणाला. पोर ओळखत नाही आणि रजा तर हातातून निसटत असते. मग पोराला जवळ आणायचं कशाने? गोडाने. म्हणून तर बोटीवरचा माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि चॉकलेटं जास्त. मृणाली आईच्या पदराआड उभी राहून हात जाईल तितका लांब करायची, चॉकलेट घ्यायची आणि पुन्हा पदराआड. रोज थोडी थोडी पुढे सरकायची. मांडीवर येऊन बसायला लागली की याची निघायची वेळ झालेली असायची. पुढच्या खेपेला पुन्हा पहिला धडा.

"पोरीनं मला बाप म्हणून ओळखलंन तेव्हा ती दहावीत होती," बांगड्याचं पोट फाडत तो म्हणाला, "आणि तेव्हा तिला बापाचं काय कामच उरलं नव्हतं."

म्हणून सावनी झाली तेव्हा हा माणूस वेडा व्हायचाच बाकी होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी आई नाही. लवूने सगळं स्वतः केलं. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शेवग्याच्या पाल्याची भाजी. बाळाला न्हाऊ घालायला बाई यायची, तर तिच्या डोक्यावर उभं राहून पाण्यात कोपर बुडवून बघायचा. मृणाली इथल्याच एका बँकेत नोकरीला, नवरा विनीत ठाण्याला, तो शनिवारी गाडीने यायचा आणि रविवारी परत. रजा संपत आली तशी पोरीला कुठे ठेवायचं याची चर्चा सुरू झाली. लवूने ती सुरू होण्याआधीच संपवली. मी असताना माझी नात परक्या घरी का जाईल, असं त्याने मला भिंतीपलीकडूनही ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं. जावयाने मान डोलावली. मृणालीने वडिलांकडे जरा बघितलं आणि तीही हो म्हणाली. तिच्या लहानपणी हा माणूस इतके दिवस सलग घरी कधी राहिलाच नव्हता.

आणि मिळालं त्याला हवं ते. रोज सकाळी डोळे उघडल्यावर ज्याचा चेहरा दिसतो असा माणूस होणं, एवढंच त्याला हवं होतं. सावनी रांगत त्याच्यामागे स्वयंपाकघरात जायची. तो बाथरूममध्ये गेला तर दारावर थापा मारायची. 'आई' म्हणायच्या आधी ती 'आबा' म्हणाली, आणि हे लवूने इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं, भाजीवाल्यालाही सोडलं नाही. मृणाली हसली, पण तिला ते थोडं लागलंही असणार. बँकेतून आली की पोर तिच्याकडे झेपावायची, मिनिटभराने मान वळवून आबाला शोधायची. लवू मग उगीच दुसरीकडे बघत काहीतरी चिरत बसायचा. आपला आनंद लेकीला दिसू नये म्हणून.

एकच अडचण होती. दुपारी आईशिवाय ती झोपेना. लवूने त्यावर स्वयंपाक्याचा तोडगा काढला. बोटीवर चहाला डब्यातलं घट्ट गोड दूध घालायचे, त्यातला एक चमचा त्याने बाटलीतल्या दुधात ढवळला. मग सवयीप्रमाणे बाटलीचं रबरी बूच आपल्या तोंडात धरून ओढून बघितलं, ऊन किती, गोड किती, आणि मग तेच सावनीच्या तोंडात दिलं. पोर बघता बघता झोपली. पुढे रोजच तसं सुरू झालं. गॅलरीतल्या आरामखुर्चीत लवू आडवा, त्याच्या पोटावर सावनी, आणि तिच्या तोंडात ती बाटली. बाटली काढली की ती चाळवायची, म्हणून काढायचीच नाही. दूध थेंबथेंब गळत राहायचं आणि दोघं घोरत राहायची. खालून जाणाऱ्या बायका वर बघून कौतुक करायच्या. नाव ठेवावं असं त्यात कुणाला काही दिसत नव्हतं.

सावनी दीड वर्षाची असताना एका रविवारी आम्ही सगळे आरे-वारेला गेलो. लाट पायावर आली की ती खदखदून हसत होती, आणि हसताना तिच्या वरच्या दातांवर हिरडीलगत मला खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली. एका दातावर ती तपकिरी झालेली. मला वाटलं बिस्किट चिकटलंय. मी पदराच्या टोकाने पुसलं. गेलं नाही. ओला करून पुसला पदर, तरी गेलं नाही. मी मृणालीला हाक मारली. लवू म्हणाला, काही नाही ते, दुधाचे दात, पडायचेच आहेत. मी त्याला तिथेच वाळूत झापलं. म्हटलं, तुझे केसही पडायचेच होते, म्हणून काय आधीच भादरून घेतलेस?

मारुती मंदिराजवळ दातांची डॉक्टर आहे, श्रद्धा. माझ्याच हाताखाली शिकलेली, पाढ्यांत कच्ची पण हाताला हलकी. तिने सावनीचा वरचा ओठ बोटाने हळूच उचलला आणि सगळं आम्हाला दाखवलं. रागावली नाही. समजावून सांगितलं. झोपेत तोंडातली लाळ कमी होते, गोड दूध दातांवर साचून राहतं आणि किडीला तेच हवं असतं. मोठ्या माणसाच्या तोंडातले जंतू बाळाच्या तोंडात जातात, म्हणून बूच, चमचा आपल्या तोंडात घालून मग बाळाला द्यायचा नाही. दात यायच्या आधीपासून हिरड्या ओल्या मऊ फडक्याने पुसायच्या. पहिला दात दिसला की मऊ ब्रश, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री, आणि घासायचं मोठ्यांनी. वर्षाचं झालं की पेल्याने प्यायला शिकवायचं आणि एकदा दात दाखवून जायचं. दुधाचे दात पडतात खरे, पण मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत असतात. तोवर त्यांनीच चावायचं, त्यांनीच बोलायचं आणि पक्क्या दातांची जागा त्यांनीच राखायची. तिने दातांना औषधाचा लेप लावला. आत्ता थांबलात तर वाचतील, असं ती स्पष्ट म्हणाली.

लवू दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता, कप्तानासमोर उभा राहिल्यासारखा. त्याने एकच विचारलं, की मग दुपारी झोपवायची कशी. डॉक्टर म्हणाली, थोडे दिवस रडेल, आजोबा. मग सवय होईल.

रडली. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. साध्या पाण्याची बाटली ती भिरकावून द्यायची, ती आदळल्याचा आवाज यायचा, मग लवूचा हलका आवाज, मग पुन्हा तिचा टाहो. पेल्यातलं दूध ती त्याच्या अंगावर सांडायची. एका दुपारी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या गालावर नखांचे ओरखडे होते. ती दाराशी जाऊन आईच्या नावाने रडते आहे, जवळ घ्यायला गेलो तर 'आबा नको' म्हणते आहे, असं त्याने सांगितलं. मी त्याला चहा दिला. चहा निवला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

"बाई, मृणाली पदराआडून बघायची ना, तशी बघतलंन माझ्याकडे आज," तो म्हणाला.

मी माझ्या परीने धीर दिला. मुलं विसरतात, महिनाभरात बघ, असलं काय काय सांगितलं. आणि खरंच, पुढच्या आठवड्यात रडणं थांबलं. दुपारी भिंतीपलीकडे शांत. आरामखुर्चीही गॅलरीतून आत गेली, ऊन लागतं म्हणाला. मी जिन्यात चार बायकांसमोर त्याची पाठ थोपटली. लवू जिंकला असं मला वाटलं. तो काहीच बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मी विनय समजले.

त्यानंतरचे महिने आठवले की मला आजही त्याचा राग येतो. मृणाली सकाळी बँकेत जायच्या आधी आणि रात्री झोपायच्या आधी सावनीचं डोकं मांडीवर घेऊन, गाणं म्हणत, एकेक दात घासायची. दाण्याएवढी पेस्ट, ना कमी ना जास्त. तरी रेघा तपकिरी होत गेल्या. एका दाताचा कोपरा तुटला. तिला कळेना काय चुकतंय. आधी तिने बिस्किटं बंद केली. मग फळांचा रस. मग रात्री अंगावर पाजणं बंद केलं, ते तर दोघींनाही फार जड गेलं. एकदा माझ्या ओट्याला टेकून ती रडली. माझ्याच दुधात काही दोष असेल का हो काकू, असं तिने मला विचारलं. ती हे विचारत होती तेव्हा लवू भिंतीपलीकडे तिच्यासाठी पेजेचा कुकर लावत होता. सगळं ऐकत होता. आणि गप्प होता.

एका सकाळी मृणालीने माझं दार वाजवलं. सावनीचा उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजला होता आणि अंग तापलं होतं. विनीत ठाण्याला. आम्ही चौघं एकाच रिक्षात बसून श्रद्धाकडे गेलो. सावनी आईच्या खांद्यावर होती, पण तिचा एक हात लवूच्या सदऱ्याच्या कॉलरला घट्ट होता. सगळ्या रस्त्यात तिने तो सोडला नाही.

श्रद्धाने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. हिरडीत गाठ येऊन पू झाला होता. ती मृणालीला म्हणाली, बाटली तर केव्हाच बंद केली होती ना. मृणाली हो म्हणाली. एवढे महिने झाले, म्हणाली.

"नाय," लवू म्हणाला. "मी देत होतो. दुपारी. त्याच डब्याचं."

  लवू कुणाकडे न बघता बोलत राहिला. ती माझ्याकडे येईनाशी झाली होती, म्हणाला. एक दिवस दिलं, म्हटलं एकच दिवस. दुसऱ्या दिवशी ती आपली आपण मांडीवर येऊन बसली. मग माझ्यानं थांबवलं गेलं नाही. मृणालीने बापाकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं बघितलं, आणि मग डॉक्टरांना विचारलं, आता काय करायचं.

गाठीतला पू लगेच काढायला हवा होता. एवढ्या लहान मुलाला खुर्चीत कसं बसवणार? मोठ्या माणसाने आणि डॉक्टरांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. पोर मोठ्या माणसाच्या मांडीवर, तोंड त्याच्याकडे करून. मग तिला मागे आडवी करायची, की डोकं डॉक्टरांच्या मांडीवर येतं आणि दोन्ही हात त्या माणसाने धरून ठेवायचे.  मी म्हटलं, मी धरते. मृणाली म्हणाली, नको काकू, बाबाच धरतील.

लवूने धरलं. सावनीला आधी वाटलं खेळच आहे, आबाच्या मांडीवर बसून मागे झोपायचं. मग ती किंचाळली, आणि किंचाळताना ती त्यालाच हाका मारत होती. आबा, आबा, आबा. वाचवायला बोलावत होती, आणि तिचे हात धरून ठेवलेला माणूस तोच होता. लवू म्हणत राहिला, "झालं बाय, झालं." झालं नव्हतं. तिचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते. शेवटी शेवटी तिने हाका मारायचं सोडून दिलं आणि नुसती रडली.

पुढे कोल्हापूरच्या एका इस्पितळात भूल देऊन तिचे वरचे पुढचे चार दात आणि एक दाढ काढली. बाकीच्या दातांचं काम बरेच महिने चाललं. लेप, बारीक भरणं, तपासणी. दर वेळी श्रद्धाच्या त्या छोट्या खोलीत मृणाली तेच म्हणायची, बाबाच धरतील. मला ते क्रूर वाटायचं. पण तिला मी काय बोलणार होते? लवूने एकदाही नाही म्हटलं नाही. सुरुवातीला सावनी हातपाय झाडायची. मग तिला कळलं की झाडून उपयोग नाही, स्वतःहून आ केलं की लवकर सुटका होते. अडीच वर्षांची पोर शहाण्यासारखी आडवी होऊन डोळे मिटून घ्यायची. श्रद्धा तिला शाबासकी द्यायची. लवू मान खाली घालून ते छोटे हात धरून असायचा.

घरी ती त्याच्या वाटेला जाईना. त्याने हात पुढे केला की आईच्या पायांना मिठी. त्याच्या हातचा घास घेईना. आणि याने काय काय केलं म्हणून सांगू. डब्याचं दूध गेलंच, साखरेचा डबाही माळ्यावर गेला. नाचणीची बिनगोडाची आंबील, उकडलेलं गाजर, मऊ भात, सुरमईचा काटे काढलेला तुकडा. उभ्या आयुष्याची सवय मोडून तो आता चव घ्यायला वेगळा चमचा वापरायचा आणि लगेच विसळायचा. हे सगळं मृणालीच्या हाताने तिला भरवलं जायचं आणि ती आवडीने खायची. लवू स्वयंपाकघरातून विचारायचा, खाल्लंन का? रात्री दात घासताना तो दारात येऊन उभा राहिला की सावनी ओठ गच्च मिटून घ्यायची. तेव्हा बाबा, तुम्ही जरा तिकडे जा, असं मृणालीला सांगावं लागायचं. मग तो आत ओट्यापाशी उभा राहून ब्रशचा आवाज ऐकायचा.

बँकेजवळच्या एका पाळणाघरात ती जायला लागली. मग एके दिवशी कळलं की मृणालीने ठाण्याला बदली मागून घेतली आहे. विनीत तिथे होताच, सगळ्यांना ते सोयीचंच होतं, आणि लवूलाही सगळ्यांनी तेच सांगितलं. मला मात्र राहवलं नाही. मी तिला घरी बोलावून बसवलं. म्हटलं, अगं, चूक झाली त्याची, मोठी झाली, पण दुष्टपणाने नाही झाली. या वयात त्याला एकटं टाकून जाऊ नकोस.

 मृणाली म्हणाली, "काकू, तो डबा दिला याचं नाही मला एवढं. मी रोज रात्री तिचे दात घासत होते, माझं काय चुकतंय म्हणून रडत होते, आणि ते बघत होते."

 एवढी वर्षं मुलांना उत्तरं दिली, पण हे मला येत नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी विनीत गाडी घेऊन आला. सामान एकेक करून खाली जात होतं. लवूने घावणे करून डब्यात भरून दिले होते. त्याने धुतलेला सदरा घातला होता आणि तो हॉलमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, कुणाच्या वाटेत येऊ नये असा. मला आधल्या दिवशी म्हणाला होता, बाई, जवळ घ्यायला मागणार नाय मी. तिची ती आली तर आली. मी त्याच्या समोर बसले होते. सावनी नवे बूट घालून या खोलीतून त्या खोलीत पळत होती. तिसरं वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस होते. आता ती भराभर बोलायची, पुढचे दात नसल्यामुळे शब्द थोडे पातळ निघायचे.

मृणाली तिला म्हणाली, आबांना टाटा कर.

सावनी थांबली. तिने आबाकडे बघितलं. आणि मग, किती महिन्यांनी देव जाणे, ती आपली आपण चालत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. कुणी ढकललं नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. मृणालीच्या हातातली पिशवी तशीच राहिली. विनीत दारात थांबला. लवूच्या तोंडावर जे आलं ते मी त्याच्या तोंडावर याआधी कधी बघितलं नव्हतं. त्याने तिला उचलून घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

सावनीने ते हात बघितले. ती त्याच्या मांडीवर चढून त्याच्याकडे तोंड करून बसली. आपले दोन्ही हात तिने त्याच्या हातांत नेऊन दिले. मग डोळे घट्ट मिटले, मागे आडवी झाली आणि मोठ्ठा आ केला.

मी पुढे सरकले नसते तर तिचं डोकं लादीवर आपटलं असतं. ते माझ्या मांडीवर आलं. तोंड उघडं टाकून, श्वास धरून, ती वाट बघत पडली होती. पुढच्या हिरड्या मोकळ्या, मागचे दात स्वच्छ पांढरे. मला लवूकडे बघवेना, पण बघितलं. तो रडत नव्हता. त्याने तिचे हात अगदी सैल धरले होते आणि तो तिच्या तोंडात नीट, एका बाजूने दुसऱ्या बाजूला बघत होता.

"छान हायत," तो म्हणाला. "झालं बाय. जा आता."

तिने डोळे उघडले. आज इतक्या लवकर झालं याचं तिला आश्चर्य वाटलं असावं. ती उठली, बूट वाजवत दाराकडे पळाली आणि विनीतच्या पायांना बिलगली. मृणालीने तोंड फिरवलं होतं. ती पुढे आली, वडिलांच्या पाया पडली आणि पिशवी घेऊन बाहेर गेली. जिन्यात त्यांची पावलं खाली खाली जात ऐकू आली, मग गाडीचं दार, मग गाडी.

लवूचे दोन्ही हात अजून पुढेच होते. त्याला ते खाली घ्यायचं सुचत नव्हतं. मग मीच ते धरले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.